दुरुस्तीचा शुक्रवार

प्रोफेसर सेवेरिन व्हिल्चेक यांनी तिशीत एका राज्याभिषेकाचं भलंमोठं चित्र काढलं, व्हिएन्नात पदक मिळवलं आणि पुढची तीस वर्षं ते पदकच चघळलं. राजांच्या झग्यांची लव रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. क्राकोच्या कलाशाळेत त्यांचं शिकवणं म्हणजे एवढंच: दर शुक्रवारी वर्गातून फिरायचं, विद्यार्थ्याच्या हातातला कुंचला काढून घ्यायचा आणि त्याचं चित्र दुरुस्त करायचं. वर पोरांनीच आभार मानायचे. नाव मोठं, लक्षण खोटं!

त्यांच्या वर्गातल्या झेनॉनला हा माणूस डोळ्यांसमोर नको असे. पण म्युनिकची शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात होती आणि ती हुकली तर मामाच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात जन्म काढावा लागणार होता. शिष्यवृत्तीच्या स्पर्धेसाठी त्याने आईला रंगवलं. ती बाजारचौकात पाव विकायची. नाक बसकं, थंडीने लाल झालेलं. दोन महिने खपून चित्र पुरं झालं, वाळलंही. निकालाच्या आदल्या शुक्रवारी प्रोफेसर आले आणि पाच मिनिटांत त्या बाईला रोमन महाराणीचं नाक चिकटवून गेले. झेनॉनने आभार मानले.

सोमवारी पंच जमले. चित्रांवर नावं नव्हती, नुसते आकडे. प्रोफेसर झेनॉनच्या चित्रापाशी थांबले आणि त्यांनी काठी त्या नाकावर टेकवली.

"हे ज्याने काढलं, त्याने जिवंत माणूस कधी पाहिलेला दिसत नाही."

भिंतीशी उभी पोरं बुटांकडे बघू लागली. खरं बोलावं तर संपलं, गप्प बसावं तरी संपलं. झेनॉन पुढे झाला. त्याने टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि वरचा ओला रंग पुसून काढला. खालून आई निघाली, बसक्या नाकासकट.

पंच पुढे वाकले. त्यांना चित्र आवडलं होतं.

प्रोफेसरांनी झेनॉनकडे पाहिलं. ते नाक कुणी रंगवलं होतं हे त्यांना आता आठवलं होतं, हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं. मग ते पंचांकडे वळले.

"बघितलंत ना? मी एक शब्द बोललो आणि पोरगं सुधारलं. याला शिकवणं म्हणतात."

शिष्यवृत्ती झेनॉनलाच मिळाली. सगळ्यांदेखत प्रोफेसरांनी खांदा पुढे केला आणि उपकारकर्त्याचे आभार मानायच्या तिथल्या रीतीप्रमाणे झेनॉनने त्या खांद्याचं चुंबन घेतलं. बाहेर येऊन त्याने बाहीने ओठ पुसले. इतकी वर्षं प्रोफेसरांची येणारी किळस आता त्याला स्वतःचीही येत होती.