मालक पुढच्या सीटवर

"हळू! दार आपटू नका!"

धाकटे साहेब तोवर मागच्या सीटवर ऐसपैस बसले होते. दार आपटून झालं होतं.

"जुन्या गाड्या कशा दणकट असतात नाही, काका?" म्हणत त्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. "चला. पाहुणे येतील."

दणकट म्हणे! ड्रायव्हरकाकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाबा रे, त्या दाराच्या बिजागऱ्या तीन आठवडे घासून बसवल्यात मी, बोटाने ढकललं तरी लागतं ते. पण एकतीस वर्षं मागच्या सीटला उलट उत्तर न दिलेली जीभ ती. वळलीच नाही. त्यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली.

एकतीस वर्षं मोठ्या साहेबांकडे नोकरी. साहेब गेले. गाडी कारखान्यामागच्या गवतात उभी राहिली, आत मांजरी व्यायल्या, शेवटी कंपनीने तिला भंगारात काढलं. भंगारवाल्याच्या आधी काका पोचले. दोर बांधून ती दारात आणली तेव्हा बायको म्हणाली, "इतकी वर्षं सवत बाहेर तरी होती."

मग चार वर्षं. तळाचा पत्रा असा सडलेला, की पाय ठेवला तर थेट जमीन लागायची. तो कापून नवा जोडला, कार्ब्युरेटर सुटा करून रॉकेलमध्ये बुडवला, जाम झालेले ब्रेक सोडवले, मागच्या काचेचं रबर कुठेच मिळेना तेव्हा बसचं रबर आणून ब्लेडने तासत बसले. सीटचं रेक्झिन बायकोने शिवलं. शिव्या घालत, पण शिवलं.

आणि गाडीच्या कागदांवर नाव काकांचं.

मालक.

गेल्या महिन्यात धाकटे साहेब साखर पेरत घरी आले. कंपनीला पन्नास वर्षं होतायत, समारंभात बाबांची गाडी हवी.

"बाबांची?" काका म्हणाले. मग त्यांनी एकच अट घातली. शेजारी पाटी लावणार असाल तर तिच्यावर माझं नाव हवं. मालक म्हणून.

"अहो, हे काय सांगायला हवं!"

कारखान्याच्या आवारात गाडी उभी राहिली. चारी बाजूंनी लाल दोरी लागली. पुढ्यात पाटी:

आमच्या संस्थापकांची गाडी.
कंपनीने प्रेमाने जपलेला वारसा.

काकांनी ती दोनदा वाचली. वाकून मागची बाजूही पाहिली. कोरी.

"साहेब, माझं नाव?"

"अहो, पाटी केवढीशी! आणि तुम्ही तर घरचेच." धाकटे साहेब पाहुण्यांकडे वळले. "हे आमचे जुने ड्रायव्हर. गाडी अजून तेच चालवतात."

चालवतात!

"जपली कोणी?" काकांचा आवाज असा चढला, की त्यांचे तेच दचकले. "गवतात सडत होती तेव्हा कोणी जपली? भंगाराच्या कागदावर सही कोणाची होती, सांगू?"

"काका, लोक ऐकतायत."

"ऐकू देत की! कान आहेत त्यांना."

"आपण नंतर बोलू. आधी पाहुण्यांना एक फेरी मारून आणा." धाकट्या साहेबांनी मागचं दार उघडून धरलं.

काकांनी ते लावून टाकलं. मग चारी बाजूंची दोरी सोडली, नीट गुंडाळी केली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"फेरी मालकाच्या मर्जीने असते. मालक घरी चालला."

फाटकावरचा वॉचमन काकांच्याच बरोबरीचा. निम्मी नोकरी दोघांनी एकमेकांचा चहा पिण्यात घालवलेली. गाडी येताना दिसली तसा तो स्टुलावरून उठला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

मागच्या खिडकीला.

मागे कोणीच नव्हतं.

काकांनी ब्रेक दाबला. "कोणाला रे हा?"

वॉचमनने वाकून मागे पाहिलं. मग पुढे पाहिलं. "च्यायला," तो ओशाळून म्हणाला, "हाताला सवय रे."

काकांनी रिव्हर्स टाकला, मान वळवून गाडी वीसेक पावलं मागे नेली, आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली, आणि पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, पुन्हा फाटकाकडे निघाले.