मला बहिरा म्हणू नका

इंजिनाच्या झाकणाला आतून, बिजागरीजवळ, एक रिकामं भोक आहे. तिथे वीतभर लांबीची, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी स्क्रूने बसवलेली असायची. झाकण रंगवताना रंगाऱ्याने ती काढली आणि परत लावलीच नाही. मित्रांनो, माझी बदनामी त्या भोकापासून सुरू होते.

मी रुग्णवाहिकेतला जुना रेडिओ. आरोग्य केंद्राचे निरोप ऐकायचे आणि ऐकवायचे, हे माझं काम. इंजिनात ठिणगी पडली की माझ्या कानात खरखर होते. पट्टी झाकणाला गाडीच्या सांगाड्याशी जोडून ठेवी, म्हणून ती खरखर बरीचशी झाकणाखालीच जिरे. पट्टी गेली आणि झाकणच माझ्या कानाशी ओरडू लागलं.

"कान किटले याच्या रडगाण्याने!" म्हणत ड्रायव्हरकाकांनी माझं एक बटण पिळलं. खरखर थांबली, पण त्या बटणाने दूरचे, क्षीण निरोपही अडतात. मग हेच म्हणणार, "बहिरा झालाय थेरडा!" चोर सोडून संन्याशाला फाशी!

नर्सताई केंद्रप्रमुख बाईंना सारख्या सांगत, "बाई, इंजिन बंद असलं की हा नीट बोलतो. एक दिवस गाडी उभी ठेवून तपासून घ्या ना."

"एकच तर गाडी आहे आपली. बघू पुढच्या आठवड्यात."

तो आठवडा काही उगवेना.

काल आम्ही एका आजारी आजोबांना आणायला भरधाव निघालो होतो. वाटेत निरोप आला. मी तो ऐकला हो! पण माझं तोंड दाबलेलं. घरी पोचलो तर दाराला कुलूप. काकांनी इंजिन बंद केलं, ताईंनी बटण मागे फिरवलं, आणि केंद्राचा आवाज स्वच्छ आला, "कितीदा सांगायचं? आजोबांना पुलापाशी आणलंय!" पुलापाशी त्यांची लेक त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसली होती. आजोबा वाचले, पण अगदी थोडक्यात.

आज सकाळी बाई म्हणाल्या, "हा रेडिओ भंगारात द्या. नवा मागवू."

"नव्यालाही हीच गाडी मिळणार ना?" ताईंचा आवाज चढला. त्यांनी मेकॅनिकला बोलावून झाकण उघडायला लावलं. त्याने भोकावर बोट ठेवलं. "इथली पट्टी कोणी पळवली?"

"झाकण रंगवून आणलं, तेव्हा मी बघितलंच नाही," काका पुटपुटले.

मित्रांनो, एखाद्याला ऐकू येत नाही म्हणून हिणवण्याआधी, गोंगाट कोण करतंय ते तरी बघत जा!

बाईंनी वाकून त्या भोकावर स्वतः बोट फिरवलं.

"शेजारच्या केंद्राची गाडी मागवून घ्या," अखेर त्या म्हणाल्या. "आपली आज उभी राहील."