झाडलेली जागा

शनिवारी संध्याकाळी तंबू ठोकायच्या आधीच माझा घसा बसला होता. पिपरी मेघेच्या आमच्या कॉलनीतले अकरा जण, आणि नियम सांगणारी मी एकटी. वेफर्सचे कागद खिशात ठेवा, तळ्यात साबण लावून उतरू नका, चूल पेटवायची तर उघड्या मातीवर. बावन्नाव्या वर्षी बाईनं इतकं बोलू नये. घरी कुणी ऐकत नाही, म्हणून असेल.

कारंज्याकडच्या ज्या गावाच्या तळ्यावर आम्ही आलो होतो, तिथल्या बाबारावांनी फोनवर परवानगी दिली होती. तळ्याकाठी कुठंही राहा म्हणाले. सगळीकडे मार्चअखेरचा पाचोळा आणि काटे. एका मोठ्या झाडाखाली मात्र जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, एक काडी नाही. बघा, आपल्या आधी राहून गेलेली माणसं किती शहाणी असतील, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. आमच्यातल्या नंदिनीनं त्या जागेचा फोटो काढला. सगळे तंबू तिथंच लागले.

पहाटे तंबूच्या कापडावर टपटप सुरू झाली. आभाळ कोरडं, आणि वास गोडसर, जड. बाहेर येऊन पाहते तर फिकट पिवळी फुलं, तंबूंवर, चपलांमध्ये, सगळीकडे. मोहाच्या झाडाबद्दल मी तीन पुस्तकं वाचली आहेत. वाचलेलं झाड समोर उभं राहिलं तरी ओळखू येत नाही.

आमच्यातला अंकित माझ्याआधी उठला होता. कालच्या माझ्या भाषणाचा त्याच्यावर खरोखरच परिणाम झाला होता, हेच वाईट. त्यानं फांदीच्या खराट्यानं दोन तंबूंभोवतीची फुलं लोटत चुलीच्या राखेत नेली, वर पाणी ओतलं, माती टाकली आणि बुटानं दाबली.

"काकू, सगळं साफ," तो म्हणाला.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर एक टोपली, कमरेवर दुसरी. तिनं तंबूंकडे पाहिलं, मग राखेकडे. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ती रुख्माबाई. तिनं सांगितलं ते असं, की गावातले मोह घराघरांत वाटलेले आहेत. पाटी नाही, कुंपण नाही. खालची जमीन झाडलेली दिसली की झाड कुणाचंतरी आहे, हे लहान पोरालाही कळतं. काही लोक पाचोळा जाळून जागा मोकळी करतात. जंगल पेटेल म्हणून ती जाळत नाही, वाकून झाडते. काल अख्खी दुपार झाडत होती. फुलं दहा-पंधरा दिवस पडतात, तीही पहाटे, आणि उशीर झाला की गुरं खाऊन जातात. घरात ती एकटी. हीच फुलं वाळवून तिचा पावसाळा निघतो.

मी माफी मागितली, आणि बाबारावांनी कुठंही राहा म्हटल्याचंही सांगितलं. आपलं चुकलं की तोंडात आधी दुसऱ्याचं नाव येतं.

"बाबारावले काय," ती म्हणाली. "त्याचं झाड तिकडं हाये."

लगेच तंबू काढतो म्हटलं तर तिनं हात आडवा केला. पाय टाकाल तिथं फूल आहे, आधी वेचा. मग अकराही जण आपापल्या तंबूच्या दारात बसून हात पोचेल तितकं वेचू लागले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इंच-इंच सरकू लागले. माझे गुडघे बोलायला लागले. रुख्माबाई आमच्या दुप्पट वेगानं वेचत होती. तरी एकच टोपली भरली, तीही काठापर्यंत नाही.

अंकितनं राख उकरली. फुलं तळ्यावर धुऊन आणतो म्हणाला.

"धुतलं का गोडी जाते बापू. राहू दे. ते आता बैलबी खात नाई."

त्यानं ओंजळ परत राखेत सोडली.

आणखी एक रात्र राहायचं ठरलं होतं. तो बेत आम्ही सोडला. आठच्या सुमारास तंबू निघाले आणि रुख्माबाई उद्याच्या फुलांसाठी झाडू लागली. मी खराटा मागितला. तिनं दिला नाही. तंबूच्या खुंट्यांची भोकं मात्र तशीच होती, फूल आत जाईल एवढी. मी माती लोटून एक बुजवलं, मग दुसरं. तिनं जवळ येऊन पायाच्या अंगठ्यानं माती चाचपली.

"आनखी दाबा," ती म्हणाली.

मी दाबलं.