अर्ध्या जिन्यात थांबलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे असं म्हणायला हवं. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर म्हातारी होण्याइतकी मी चाललेच नाही. हो, चालणारी खुर्ची! मला पाय नाहीत. भिंतीलगत जिन्याच्या कडेने एक लोखंडी रूळ बसवलेला आहे, त्यावरून मी वर-खाली जाते. हाताशी दोन बटणं, कमरेला पट्टा आणि पोटात विजेवर भरणाऱ्या दोन बॅटऱ्या. ज्यांचे पाय जिन्यापुढे हात टेकतात, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

मी आले ती एका बेकरीच्या वरच्या घरात. खाली दुकान आणि भट्टी, वर राहायच्या तीन खोल्या आणि मधे हा अरुंद जिना. बेकरी भावाची. त्याची थोरली बहीण तिथेच राहायची. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही आत्याच म्हणत. केकवर साखरेची फुलं काढावीत तर आत्यानेच. एकदा उंच फळीवरचा साखरेचा डबा काढताना ती शिडीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण जिना मात्र कायमचा परका झाला. भावाने नवी भट्टी घ्यायचं पुढे ढकललं आणि मला आणलं.

मी बसवले गेले त्या दिवशी सगळं घर जिन्यात जमलं होतं. आत्या घाबरत बसली, पट्टा लावला, बटण दाबलं. मी हळूहळू निघाले. खाली पोचताच बेकरीत कामाला असलेल्या भट्टीवाल्याने टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, "बाई गं! राणीची स्वारी निघाली की!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक कौतुक. ते मी अजून जपून ठेवलंय.

पण आत्याचा स्वभाव जपणुकीचा. भावाने भट्टी पुढे ढकलून आणलेली वस्तू ती रोज कशी दामटणार? "उगाच कशाला वर-खाली करायचं? यंत्र आहे ते, त्यालाही जीव असतो," असं म्हणून ती माझ्यावर धुतलेली चादर घालून ठेवी. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे माझ्या बॅटऱ्या भरलेल्या राहतील याकडे तिचं बारीक लक्ष असे. रुळावरची धूळ ती काठीला फडकं बांधून, हात पोचेल तिथपर्यंत पुसायची. मी धावायचे ती आठवड्यातून एकदाच, दुकान बंद असे त्या दुपारी.

त्या दुपारी आत्या चिमणीकडे जायची. चिमणी म्हणजे तिची लहानपणापासूनची मैत्रीण. अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून हे नाव. रस्त्यापलीकडे बटणं आणि दोऱ्यांचं तिचं छोटं दुकान होतं आणि मागेच घर. आत्या गेली की दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसत. परत येताना आत्याचा चेहरा असा उजळलेला असे की मला चढ जाणवायचाच नाही.

दोन वर्षं अशी सुखाने गेली. वॉरंटी सरून जेमतेम महिना झाला असेल. त्या दुपारी आत्या बसली, बटण दाबलं आणि अर्ध्या जिन्यात माझ्या पोटात काहीतरी कट्कन वाजलं. मी थांबले. वर जाईना, खाली जाईना. आत्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मला सगळं कळत होतं आणि हलता येत नव्हतं.

शेवटी भावाने आणि भट्टीवाल्याने तिला पट्ट्यातून सोडवून उचललं. जिना अरुंद, तिघांची ओढाताण, आत्याला कपडेही सावरता येईनात. काय झालं म्हणून रस्त्यावरची माणसं दारात डोकावली होती. कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने ते ऐकलं. तिला पुन्हा वर नेऊन बसवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता मला पोत्यासारखं कुणी उचलायचं नाही. खुर्ची नीट झाली की जाईन."

कंपनीचा माणूस आला. माझं पोट उघडून त्याने मला चालवणारं विजेचं हिरवं कार्ड बाहेर काढलं आणि नाक मुरडलं.

"कार्ड गेलंय. मागवावं लागेल."

"किती दिवस लागतील?" भाचीने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात येईल."

तो पुढचा आठवडा कधी उजाडलाच नाही, मित्रांनो. भाची फोन करी, पलीकडून गोड आवाज येई, "मॅडम, पार्ट निघालाय, पुढच्या आठवड्यात नक्की." मी अर्ध्या जिन्यात तशीच. येणारे-जाणारे अंग चोरून माझ्या बाजूने जात. भावाची बायको तर दरवेळी गुडघा आपटून घेई आणि मला शिव्या घाली. मी काय बोलणार?

आणि त्याच दिवसांत चिमणी आजारी पडली. आधी ती दुकानाच्या दारात येऊन वर हात करायची, ओरडून काहीबाही सांगायची. मग दार अर्धवट बंद दिसू लागलं. एके दिवशी तिची सून जिना चढून आली.

"आत्या, त्या फार आठवण काढतात तुमची. जमेल का यायला?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात पार्ट येतोय म्हणतात. आला की पहिली तुमच्याकडेच येते. सांग तिला, म्हणावं, राणीची स्वारी येतेय."

"आत्या, आम्ही उचलून नेतो ना," भाची कळवळून म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"नको. तिच्यासमोर तसं जायचं नाही मला."

आत्या खिडकीत बसून राहिली. खिडकीतून चिमणीचं दार दिसायचं, खाट दिसत नव्हती.

आणखी काही दिवसांनी सकाळी सून पुन्हा आली. दुकानात पावांच्या लाद्या निघत होत्या. ती डोळ्यांना पदर लावून जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. आत्या वरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग आत्या हळूच म्हणाली, "उचला मला."

तिला घेऊन खाली जाताना तिचा हात माझ्या पाठीला घासला. चिमणीला शेवटचा निरोप दिल्यावर संध्याकाळी तिला परत आणलं. त्यानंतर कित्येक दिवस तिने खिडकी उघडली नाही.

कंपनीचं खरं उत्तर आलं ते यानंतर. ते कार्ड आता बनतच नाही. वॉरंटी संपलेली आहे. नवी खुर्ची घ्या, जुनीवर सूट देऊ. एवढे दिवस टोलवाटोलवी करून शेवटी सरळ हात झटकले!

भाची भडकली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं कार्यालय असतं, तिथे जाऊन चौकशी करून आली आणि जिन्यावरच बसून आत्याला म्हणाली, "वॉरंटी हा कंपनीने आपणहून दिलेला शब्द असतो. पण तो संपला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. वस्तू मुळातच सदोष असेल तर वॉरंटीनंतरही दाद मागता येते. मी तक्रार करतेय."

"कर की," आत्या म्हणाली. "पण मला आता खुर्ची कशाला? कुणाकडे जायचंय मला?"

भाचीने तक्रार मात्र केली. कंपनीचं म्हणणं आलं ते तिने वाचून दाखवलं: ग्राहकाने यंत्र फारच कमी वापरलं, पडून राहिल्यामुळे ते बिघडलं, दोष ग्राहकाचा.

आत्या ताठ बसली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजाला धार आली. "माझा दोष? मी जपलं म्हणून बिघडलं? मला घेऊन चल तिथे."

"आत्या, तिथे जायचं तर..."

"माहीत आहे मला. उचलून न्या. बघू दे सगळ्यांना."

तिथे काय झालं ते मला भाचीने भट्टीवाल्याला सांगितलं तेव्हा कळलं. कंपनीचा वकील कमी वापराचं पालुपद आळवत होता. आत्याने हात वर करून विचारलं, "साहेब, पुस्तिकेत कुठे लिहिलंय का, रोज अमुक वेळा बसा म्हणून? लिहिलं असतं तर मी दिवसभर बसले असते हो. मैत्रिणीकडेही जास्त वेळा गेले असते." मग न्यायासनावरच्या बाईंनी कंपनीच्या इंजिनियरला विचारलं, "तुमच्या नव्या खुर्चीत हेच कार्ड का बदललं?" तो खाली मान घालून म्हणाला, "जुनं लवकर जात होतं." "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने स्वतःच्या खर्चाने मला दुरुस्त करून द्यावं, झालेल्या त्रासाची भरपाई करावी आणि ज्यांच्या घरी असल्या खुर्च्या आहेत त्या सगळ्यांना कळवावं. जे कार्ड बनतच नव्हतं, ते बघता बघता हजर झालं.

मी पुन्हा हलले तेव्हा घर जिन्यात जमलं, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आत्या पट्टा लावून बसली. तिला खाली उतरवलं, दारापर्यंत नेलं. पलीकडे बटणांचं दुकान बंद होतं. सुनेने माल विकून टाकला होता. आत्या काठी टेकून उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन माझ्यावर बसली.

आता ती रोज खाली येते. साखरेची फुलं काढते. शेजारच्या गल्लीतल्या एका आजोबांची अशीच खुर्ची बंद पडली, तेव्हा त्यांना तक्रार कशी करायची ते तिनेच समजावून सांगितलं. पण दुकान बंद असतं त्या दुपारी ती खाली उतरते, बराच वेळ माझ्यावरून उठत नाही आणि मग वर जायचं बटण दाबते. मी तिला जमेल तितक्या हळुवारपणे वर नेते. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू अवेळी बंद पडली तर "वॉरंटी संपली" या दोन शब्दांनी गप्प बसू नका. विचारा, भांडा, दाद मागा. तो तुमचा हक्क आहे. मात्र भांडण चालू असताना कुणी तुमची वाट पाहत असेल तर माझ्यासारखीच्या भरवशावर थांबू नका. उचलून न्यायला सांगा, लोक हसले तर हसू द्या, पण त्याच दिवशी जा.