स्वतःच्या शब्दांत

टोपणावर दातांचे व्रण होते, बारीक, ओळीनं उमटलेले, लेकीच्या शाळेच्या दिवसांतले. पेन मात्र अजून चालत होतं. तिनं कागदाच्या कोपऱ्यात दोन गोल काढून पाहिले, मग ते तिथे बरे दिसेनात म्हणून खोडले, आणि खोडल्यावर तर ते जास्तच डोळ्यात भरायला लागले. वर छापलं होतं – ‘आपणांस हे काम का करावयाचे आहे? स्वतःच्या शब्दांत लिहा.’ खाली नुसत्या रेघा, पानाच्या तळापर्यंत… बसच्या शेवटच्या थांब्यापाशी जो वृद्धाश्रम होता, तिथे म्हाताऱ्या माणसांचं करायला बायका हव्या होत्या. नाव, पत्ता, वय हे सगळं तिनं सकाळीच भरून टाकलं होतं. ते सोपं होतं. ते शब्द कुणाचेच नव्हते.

लेकीचा फोन आला तेव्हा ती त्या रेघांकडे बघत बसली होती.

“अगं, एवढं काय त्यात! ‘संयम हा माझा गुण आहे’, ‘ज्येष्ठांविषयी आपुलकी आहे’ असं दे ठोकून. सगळे तेच लिहितात.”

“आपुलकी आहे का मला?”

“आई, आता तू तत्त्वज्ञान सुरू करू नकोस हं. आजीचं इतकी वर्षं केलंस, त्यातलंच लिही की.”

फोन ठेवल्यावर तिनं ‘संयम’ लिहिलं. संयम… पण त्याला संयम म्हणत असतील? सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादर एका बाजूनं गुंडाळत नेऊन दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची, घोट गिळला गेला का ते गळ्याकडे बघून ओळखायचं आणि मगच पुढचा चमचा – हे सगळं करताना मनात काही नसायचंच. गॅसवर दूध आहे, कपडे भिजत घातलेत, एवढंच. आताही मनात काही नव्हतं. सासूबाई गेल्या, माणसं येऊन गेली, ‘सुटल्या बिचाऱ्या’ म्हणाली, आणि दारात चपला घालता घालता कुणी हळूच ‘तूही सुटलीस गं’ म्हणालं, आणि ती त्यांना ‘सावकाश जा, जिन्यात अंधार आहे’ म्हणाली. रडू आलं नाही. रडायचं ठरवलं असतं तरी नेमकं काय आठवून रडायचं हे कळलं नसतं.

लग्न झाल्यापासून दोघी एका स्वयंपाकघरात वावरल्या. भांडण असं कधी झालं नाही, म्हणजे आवाज चढला नाही. सासूबाई डब्याचं झाकण जरा जोरात लावायच्या. ती नळ जरा मोठा सोडायची. एवढ्यावर वर्षं निघाली. मग सासूबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली, आणि एके दिवशी केस विंचरून घेता घेता त्या म्हणाल्या,

“बाई, तुम्ही नवीन का?”

तिनं फणीत अडकलेला गुंता सोडवला. मग म्हणाली, “हो, नवीनच.”

“हात हलका आहे हो तुमचा. टिकून राहा. आमची सून जरा घुमी आहे, तिचं मनाला लावून घेऊ नका.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं का? आई, मीच ती, असं? पण फणी हातात तशीच राहिली आणि तोंडातून आलं, “फार घुमी आहे का हो, आजी?”

आजी. इतकी वर्षं ‘आई’ म्हणताना जीभ जराशी अडायची, ती अडली नाही.

त्यानंतर तेच सुरू झालं. दार ओढून घ्यायचं आणि दोघींनी मिळून सुनेची उणीदुणी काढायची. सून पाहुणे आले की तोंड कसं करते, सून कपाट कसं आपटते – “आणि नळ! नळ सोडते बघा धो धो!” सासूबाई म्हणायच्या, आणि ती म्हणायची, “मलाही ऐकू येतो हो, सगळा राग त्या पाण्यावर!” आणि दोघी हसायच्या. सासूबाईंच्या तोंडात दात नव्हते. हसताना त्या लहान मुलीसारखं तोंडावर पालथा हात धरायच्या. इतकी वर्षं ते हसणं याच घरात होतं… कुठे होतं?

एकदा नवरा खोलीत आला, तर सासूबाई त्याला म्हणाल्या, “या बाईंना काढू नकोस हं. बायकोनं कितीही सांगितलं तरी.” तो हसला. तीही हसली. त्यानं नंतर काही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आणि ती पहाट. श्वास लांब लांब व्हायला लागला तेव्हा तिनं गालावर हात ठेवून हाक मारली, “आजी… अहो आजी…” मागे नवरा उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, “अगं, आई म्हण.” तिनं तोंड उघडलं. आलं नाही. मग नुसताच हात राहिला, गालावर.

“झालं का लिहून?” नवरा दोन कप चहा घेऊन आला होता. कागद तिरपा करून त्यानं वाचलं. “एकच शब्द?”

“सुचत नाही.”

“सासूची सेवा केली, असं लिही. छाप पडते.”

“सेवा सुनेनं केली असेल. मी शेवटी शेवटी सून नव्हतेच त्यांची.”

“म्हणजे?”

“तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना – आई म्हण.”

“कधी?” त्यानं खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठी पडली, चहाचा घोट तोंडातच राहिला. “मी असं म्हणालो?”

त्याला राग यावा असं त्यात काही नव्हतं. तो पुन्हा आत गेला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिनं ‘संयम’ खोडला. सून म्हणून तिला सगळे भेटून गेले होते, पाठीवर हात ठेवून, पाणी पिऊन, आपापल्या घरी. पण ती दुसरी, दार ओढून घेऊन त्या खाटेशी बसायची ती, आजी आज काय नवीन काढतात म्हणून सकाळी जरा लवकरच जागी व्हायची ती – तिला कुणी कळवलंच नव्हतं. ती अजून तशीच बसलेली असणार, कुणी काही सांगत नाही म्हणून… आणि आता तिला सांगायला हवं होतं, बाई, तुमच्या आजी गेल्या. आणि हे सांगायला दुसरं कोण होतं, मीच होते, आणि ते ऐकायलाही मीच, आणि छातीत काहीतरी जागचं हललं, दुखतंय की नाही हे अजून नीट कळत नव्हतं –