चौदा ओळींचा कागद

मित्रांनो, गाड्यांच्या शोरूममध्ये आलेला माणूस सगळे निरखून बघतो. दिवे बघतो, दार उघडून पुन्हा लावून बघतो, डिकीत डोके घालून बघतो. ज्या खुर्चीवर बसून तो शेवटी सही करतो, तिच्याकडे मात्र ढुंकूनही बघत नाही. ती खुर्ची मी. आता जुनी झाले आहे. माझा एक पाय हलतो आणि पाठीवरचे रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला आहे. पण एकवीस वर्षे माणसे माझ्यावर बसली. किंमत ऐकल्यावर माणूस कसा बसतो, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. शोरूम नवी उघडायची होती. थोरले मालक त्याला म्हणाले, "पाठ जराशी मागे झुकलेली ठेवा. वयस्कर माणसं येतील, त्यांना ऐसपैस टेकता आलं पाहिजे." सुताराने स्वतः बसून बघितले, कल बदलला, पुन्हा बसून बघितले. तिसऱ्या खेपेला तो माझ्यावरच डुलक्या काढू लागला. मालक हसले आणि म्हणाले, "झालं काम. हिला उचला."

ते दिवस चांगले होते. भिंतीवर एक काळी पाटी असे. तिच्यावर प्रत्येक गाडीची किंमत थोरले मालक स्वतःच्या हाताने लिहीत. डॉक्टर आला तरी तीच किंमत, दूधवाला आला तरी तीच. कोणी घासाघीस करू लागला की मालक नुसते पाटीकडे बोट दाखवत. एकदा एक आजीबाई नातवाबरोबर आल्या, तासभर माझ्यावर टेकून बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "गाडीचं तुमचं तुम्ही बघा, ही खुर्ची कितीला देता ते सांगा." मित्रांनो, इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

थोरले मालक थकले. धाकटे मालक आले. पहिल्याच आठवड्यात काळी पाटी उतरली. गाडीच्या काचेवर कारखान्याने छापलेली किंमत चिकटवलेली असे, तिच्या शेजारी आता शोरूमच्या जादा आकारांची दुसरी चिठ्ठी चिकटू लागली. पहिली चिठ्ठी छोट्या अक्षरांत, दुसरी त्याहून छोट्या. मग एक दिवस टाय लावलेला शिक्षक आला आणि त्याने सगळ्या सेल्समनना समोर बसवून सांगितले, "एकूण किंमत कधी बोलायची नाही. महिन्याचा हप्ता बोलायचा. आणि घाई करायची नाही. गिऱ्हाईक तीन तास बसलं की चौथ्या तासाला सही करतं." असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "खुर्ची मस्त आहे तुमची," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसांच्या आरामासाठी सुताराने दिलेला कल आता लोकांना दमवायच्या कामी आला. मी काय करणार? मला उठून जाता येत नव्हते.

माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे जे बसत, त्यांना सगळे काका म्हणत. वय फक्त चाळीस, पण केस लवकर पिकलेले. काकांचा आवाज मऊ होता. लोकांना वाटे, हा आपल्यातलाच माणूस आहे. आणि खरे सांगायचे तर काका वाईट नव्हतेच. घरी दोन मुली, आजारी वडील, आणि पगाराचा मोठा भाग विक्रीवर मिळणाऱ्या कमिशनचा. संध्याकाळी शेवटचे गिऱ्हाईक गेले की ते टेबलावर दोन्ही हात पसरून कपाळ टेकत. तसेच पाच-दहा मिनिटे राहत.

त्यांचा एक खेळ मी रोज बघत असे. गिऱ्हाईक म्हणे, "थोडं कमी करा ना." काका म्हणत, "माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं. थांबा, साहेबांना विचारून येतो." मग ते मॅनेजर साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये जात. गिऱ्हाइकाला फक्त दार दिसे. मला मात्र, मी तिरकी ठेवलेली असल्यामुळे, आतला कोपरा दिसे. काका आत जाऊन साहेबांना काहीही विचारत नसत. पाण्याच्या यंत्रापाशी उभे राहून दोन ग्लास पाणी पीत, भिंतीवरचे कॅलेंडर बघत आणि चेहरा पाडून बाहेर येत. "खूप भांडलो तुमच्यासाठी. सीट कव्हर अर्ध्या किमतीत मिळवलं." गिऱ्हाईक त्यांचे आभार मानी. दिवसाला सहा-सात वेळा हे चाले. काकांना एवढे पाणी कसे झेपते, याचेच मला नवल वाटे.

एका मंगळवारी दुपारी एक बाई आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, पाठीला किंचित पोक, जाड भिंगाचा चष्मा. छापखान्यात तीस वर्षे त्यांनी पुस्तके छापण्याआधी तपासायचे काम केले होते, म्हणजे चुकलेली अक्षरे हुडकून दुरुस्त करायचे. त्या माझ्यावर बसल्या, पण पाठ टेकली नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"सकाळी फोन केला होता. उंच दाराची गाडी. तुम्ही म्हणालात एक शिल्लक आहे."

"आहे ना मॅडम. कोणीतरी बुकिंग रद्द केलं म्हणून उरली. नाहीतर आमच्याकडे पाच महिने थांबावं लागतं," काका म्हणाले. चहा मागवला. मग मऊ आवाजात विचारले, "कोणासाठी घेताय? नातवंडांसाठी?"

चहा आला. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तेव्हा कुठे माझ्यावर पाठ टेकली. मला वाटले, आता बोलू नका. पण त्या बोलल्या. धाकट्या बहिणीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी न्यावे लागे, जायला तास, यायला तास. भाड्याची गाडी होती, तिचा ड्रायव्हर मागच्या शुक्रवारी काम सोडून गेला. टॅक्सीवाले परतीसाठी थांबत नाहीत. बहिणीला वाकून बसता येत नाही, म्हणून दार उंच हवे. "या वयात, गेल्या वर्षी गाडी शिकले मी," त्या म्हणाल्या. "लायसन्सच्या फोटोत घाबरलेली दिसते. परवा गुरुवारी तिचं पुढचं डायलिसिस आहे."

"अरेरे," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "बसा हं मॅडम. कागद करून आणतो."

ते केबिनमध्ये गेले. त्या दिवशी पाणी प्यायले नाहीत. साहेबांच्या टेबलापाशी उभे राहिले. केबिनचे दार नीट लागत नसे, त्यामुळे मला ऐकू आले.

"घेतील. गुरुवारच्या आत गाडी हवीच आहे त्यांना. बहीण आजारी आहे."

"मग समायोजन दुप्पट लाव," साहेब कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाले.

मग छपाईचा आवाज आला.

कागदावर चौदा ओळी होत्या. काकांनी तो बाईंसमोर सरकवला आणि बोट थेट खालच्या हप्त्यावर ठेवले. बाईंनी त्यांचे बोट हलकेच बाजूला केले, पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. काका घड्याळ बघू लागले. कागद असा वाचणारे गिऱ्हाईक वर्षातून एखादेच यायचे.

"हँडलिंग चार्जेस म्हणजे?"

"गाडी यार्डातून इथे आणायचे, मॅडम."

"यार्ड तर खिडकीतून दिसतंय. पन्नास पावलं आहे." पेन्सिलीने ओळीवर रेघ मारली. "कागदपत्र सेवा?"

"फॉर्म भरायचे."

"फॉर्म मीच भरला. तुमच्या पेनाने, एवढंच." दुसरी रेघ. "हा सुरक्षा लेप कशासाठी?"

"रंग टिकतो."

"कारखान्यातून येतो तो रंग टिकत नाही का?"

तिसरी रेघ. अशा एक-एक करत त्या अकराव्या ओळीवर आल्या आणि पेन्सिल थांबली. तिथे लिहिले होते, उपलब्धता समायोजन, म्हणजे गाडी लगेच मिळते म्हणून घ्यायचे वरचे पैसे.

"शब्द चुकलाय," त्या म्हणाल्या. "समायोजन म्हणजे दोन्ही बाजूंनी जुळवून घेणं. इथे एकच बाजू जुळवून घेतेय." मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर सकाळी फोनवर ऐकलेले आकडे नीट लिहिलेले होते. "आणि आकडाही चुकलाय. सकाळी तुम्हीच याच्या निम्मा सांगितला होता. दुपारपर्यंत काय झालं?"

काकांच्या तोंडात नेहमीची उत्तरे तयार असत. कारखान्याने भाव वाढवले, मागणी वाढली, आजची शेवटची तारीख. त्यांनी तोंड उघडलेही. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, एखादे पुसट अक्षर लावून बघावे तशा.

"मी बहिणीचं बोलले, म्हणून का?"

त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांवर होते.

"हो," काका म्हणाले.

पंधरा वर्षांत त्या टेबलावर मी असे उत्तर ऐकले नव्हते. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. काका तो लाल रेघांचा कागद घेऊन उठले आणि केबिनमध्ये गेले. ते खरोखरच भांडले. "साहेब, मी त्यांचं ऐकून तुम्हाला सांगितलं, ही माझी चूक आहे," ते म्हणत होते. साहेब म्हणाले, "तुला पगार कशाचा मिळतो?" काका म्हणाले, "माझं कमिशन कापा." मग साहेब वैतागून म्हणाले, "कापलं तुझं. सात ओळी काढ. समायोजन सकाळचंच राहील. त्याच्या खाली मी येणार नाही, संध्याकाळपर्यंत ती गाडी कोणीही नेईल."

काका बाहेर आले. चेहरा पाडायची गरज नव्हती, तो पडलेलाच होता. त्यांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. मग हळू आवाजात म्हणाले, "शेजारच्या गावच्या शोरूममध्ये हे समायोजन घेत नाहीत. पण तिथे गाडी महिन्याभराने मिळेल."

"महिन्याभरात बारा वेळा न्यावं लागतं तिला," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सही केली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, त्यांचा पूर्ण विजय व्हायला हवा होता. मलाही वाटत होते. पण नड होती आणि गाडी एकच होती. त्या उठल्या तेव्हा किती थकल्या होत्या ते मला कळले, कारण उठताना त्यांनी सगळा भार माझ्या हातांवर टाकला. त्या दिवसापासून माझा डावा पाय हलू लागला.

तीन महिन्यांनी गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला आली. बाई मागे वर्कशॉपमध्ये गेल्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बहिणीला काकांच्या टेबलापाशी बसवून गेल्या. ती इतकी हलकी होती की माझ्यावर कोणी बसले आहे असे वाटेना. कोपराजवळ पांढरी पट्टी होती. ती कोण ते काकांनी ओळखले आणि हातातले काम तसेच ठेवले.

"तुम्हीच का ते?" ती म्हणाली. "ताई सांगत होती. शोरूममध्ये एक जण खरं बोलला म्हणाली. दार छान उंच आहे हो. मला आता कुणाला धरावं लागत नाही. माझी मी चढते."

बाई हातात बिल घेऊन परत आल्या. त्यांनी बहिणीला उठवले, काकांकडे बघून मान हलवली आणि दोघी गेल्या. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत काका खिडकीपाशी उभे होते. मग ते टेबलाच्या अलीकडे आले आणि माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोरची स्वतःची रिकामी खुर्ची, तिच्या मागचे केबिनचे दार, सगळे त्यांनी गिऱ्हाइकाच्या जागेवरून बघितले.

त्यानंतर ते पहिल्याच कागदावर एकूण किंमत लिहू लागले. कोणती ओळ काढता येते, तेही सांगू लागले. त्यांची विक्री घटली. सहा महिन्यांत धाकट्या मालकांनी त्यांना सुट्या भागांच्या खिडकीवर पाठवले. पगार कमी, उभ्याचे काम. तिथे प्रत्येक भागावर छापील किंमत असते. काकांचे केस आता सगळे पांढरे झाले आहेत, पण संध्याकाळी ते कपाळ टेकून बसत नाहीत, सरळ घरी जातात.

शोरूममध्ये मऊ सोफे आले आणि मला मागे वर्कशॉपमध्ये टाकले. जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिक आळीपाळीने माझ्यावर बसतात. ग्रीसचे डाग पडले आहेत. हलणाऱ्या पायाखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे, ती रोज निसटते. एक स्क्रू पिळला तर मी आणखी दहा वर्षे उभी राहीन, पण तेवढा वेळ कोणाला नाही. मी तक्रार करत नाही. फक्त दमले आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी अशाच एखाद्या खुर्चीवर बसाल. तेव्हा एकूण किंमत लिहून मागा, प्रत्येक ओळ वाचा आणि दमला असाल तर सही न करता घरी जा, गाडी कुठे पळून जात नाही. पण तुमच्यातले काही जण टेबलाच्या पलीकडेही बसतील. त्यांना माझे एवढेच मागणे आहे. समोरच्या माणसाने पाठ टेकून आपल्या घरातले दुखणे सांगितले, तर ते ऐका. आणि मग त्याला तीच किंमत सांगा, जी त्याने तोंड उघडण्याआधी तुम्ही सांगितली असती.