दुखवट्यातलं खेळणं

दुकानदार एकेक खोकं काढून समोर ठेवत होता आणि प्रत्येक खोक्यागणिक दर्शनाचं डोकं तापत चाललं होतं.

"अडीच वर्षांचा ना? मग हे घ्या मॅडम. बटण दाबलं की इंग्लिशमधून गाणी म्हणतं. लाइटपण लागते."

"आणि मुलानं काय करायचं?"

"त्यानं कशाला काय करायचं? तेच करतं सगळं. मूल गप्प बसतं, आईला काम करता येतं."

महाडच्या बाजारपेठेत खेळण्यांचं हे मोठ्यातलं दुकान. भिंतभर बंदुका, पाठीवर दिवे मिरवत गोल गोल फिरणाऱ्या मोटारी, आपणच बोलून आपणच टाळ्या वाजवणाऱ्या बाहुल्या. सगळी खेळणी स्वतःशीच खेळत होती. मुलाला जागा नव्हती कुठे. शेवटी "डोक्याला चालना" म्हणून दुकानदाराने शंभर तुकड्यांचा जगाचा नकाशा काढला. दर्शना कॉलेजात शिकवत होती. हा नकाशा तिच्या अकरावीच्या मुलांनाही एका बैठकीत जुळला नसता.

"साधं काही नाही का? लाकडाचं? चारपाच तुकडे, हाताला धरता येतील असे?"

"तसलं आता कोण मागत नाही, मॅडम."

पण शिडी लावून त्याने माळ्यावरून एक धुळकट खोकं काढलं. आत जाड लाकडी पाटी होती. तीत गाय, कोंबडी, मासा आणि मांजर आपापल्या खाचेत बसलेली, प्रत्येकाच्या पाठीवर धरायला एक मूठ. दर्शनाने एकेक तुकडा काढून कडांवरून अंगठा फिरवला. कुसळ नव्हतं. मूठ ओढून पाहिली, ती निघाली नाही. मासा सर्वांत लहान, पण तोही तोंडात जाणारा नव्हता. गाय काळीपांढरी, परदेशी होती. तरी गाय होती. पाटीच्या जोडीला तिने काठीत ओवायच्या मोठ्या लाकडी चकत्या घेतल्या.

"गिफ्ट पॅक करू? बर्थडे आहे ना?"

"नाही," ती म्हणाली. "दुखवटा आहे."

दुकानदाराचा हात चमकी कागदावरच थबकला.

दर्शनाची आई, चंद्राबाई, गेली तेव्हा वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत पन्नासेक माणसं जमली. दर्शनाचा धाकटा भाऊ किशोर मुंबईहून रात्रीतून आला. त्याची बायको तेजश्री आणि मुलगा स्वराज आईजवळच राहत. अडीच वर्षं त्या पोराचं उठणं, जेवणं, झोपणं आजीपाशी. पण सांत्वनाला आलेली माणसं किशोरच्या खांद्यावर हात ठेवत, तेजश्रीला जवळ घेत, दर्शनालाही "तुझं माहेर तुटलं गो" म्हणत. स्वराजला मात्र कोणीतरी फोन लावून देई आणि मागच्या पडवीत बसवी. त्याचं कोणी गेलंय असं कोणाला वाटलंच नव्हतं.

आईचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात तऱ्हेतऱ्हेच्या रिकाम्या बरण्या-बाटल्या आणि त्यांची झाकणं. दुपारी ती सगळी झाकणं घोंगडीवर पसरी आणि म्हणे, "हां, हिचा टोप शोध बघू." स्वराज एकेक झाकण लावून बघे. नाही बसलं की आजीकडे पाही. आजी मुद्दाम छपराकडे बघत बसे. बसलं की दोघंही खूष.

दहाव्याला चुलती राहीबाईने आईच्या वापरातल्या वस्तू गोळा करून रीतीप्रमाणे नदीवर सोडल्या. अंथरूण, काठी, पानाची पिशवी. उशाशी होता म्हणून तो डबाही गेला. माणसाचं त्याच्याबरोबर जावं, मागे काही अडकू नये, हा हेतू. त्यात काही वावगं नव्हतं. फक्त डबा खरं तर आईचा नव्हता, स्वराजचा होता.

"डबा?" पोरगं तेजश्रीला विचारी.

"आजीनं नेला मुंबयला," राहीबाई सांगे. "आजी मुंबयला गेली ना, येल हां."

हे ऐकून दर्शनाच्या अंगाची आग झाली होती. शहरातल्या पोराला कोणी असं सांगितलं असतं तर एक वेळ खपलं असतं. पण या वाडीत मुंबईला गेलेलं माणूस परत येतं. शिमग्याला येतं, गणपतीला येतं, हातात पिशवी घेऊन येतं. स्वराजचा बापच तसा येतो. संध्याकाळची एस्टी फाट्यावर थांबली की पोरगं उंबऱ्यावर जाऊन बसे, आणि काळोख पडला तरी उठत नसे. सुतकाच्या घरात आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती महाडला परतली आणि सर्वांत आधी त्या दुकानात शिरली.

तेराव्याला पाहुणे दुखवटे घेऊन आले. किशोरला पाटावर बसवून कोणी टोपी घातली, कोणी टॉवेल खांद्यावर टाकला. तेजश्रीला साड्या. दर्शनाच्या सासरचा दुखवटा तिच्या नवऱ्याने, अरविंदने, पुढे केला: टोपी, टॉवेल, साडी. मग दर्शनाने पिशवीतून लाकडी पाटी आणि चकत्या काढून साडीवर ठेवल्या.

"ह्ये काय गो?" राहीबाई म्हणाली.

"स्वराजचा दुखवटा."

बायकांत कुजबुज झाली. एकजण पदराआड हसली.

"दुखवट्यात खेळणी? बारसं हाय काय ह्ये? लोकं शेण घालतील तोंडात. सासरी कोण सांगत नाय का तुला काय?"

"सासरचा माणूस मीच आहे, काकी," अरविंद कोपऱ्यातून म्हणाला. "मी कोण तिला सांगणार?"

"तू गप रे जावयबापू. तू तर तिचाच."

"काकी," दर्शना म्हणाली, "ज्याचं माणूस गेलं त्याला दुखवटा करायचा ना? मग याचं नाही गेलं?"

"त्याला काय कळतंय एवढ्याशाला."

"रोज उंबऱ्यावर बसतो, ते न कळताच?"

राहीबाई वाईट नव्हती. पाहुण्यांसमोर शोभा होऊ नये एवढंच तिला हवं होतं. तिने पाटी उचलली, पडवीतून धावत आलेल्या स्वराजपुढे धरली आणि गोड आवाजात म्हणाली, "बघ बघ, कुणी धाडलंय? आजीनं. मुंबयवरनं धाडलंय आजीनं तुझ्यासाठी."

स्वराजचं तोंड उजळलं. त्याने पाटी घेतलीही नाही. तो वळला आणि दाराकडे पळाला.

दर्शना उठली. तिने निवडून, पारखून आणलेली वस्तू एका वाक्यात त्याच खोट्याच्या कामाला जुंपली गेली होती. आता हे पोर एस्टीची वाट अधिकच जोमाने बघणार, आणि तेही तिने आणलेल्या खेळण्यामुळे.

"किशोर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याला आत आण. आणि सांग खरं काय ते."

"ताई, आत्ता? पाहुणे बसलेत."

"उद्या तू जाणार. तू मुंबईला जातोस आणि परत येतोस, म्हणून त्याला वाटतं सगळेच येतात. माझं नाही ऐकणार तो. तूच सांगायला हवंस."

"मला नाय जमणार."

"खोटं सांगायला जमतंय सगळ्यांना."

किशोर पाटावरून उठला. डोक्यावर टोपी तशीच, खांद्यावरून टॉवेल घरंगळत होते. उंबऱ्यातून त्याने मुलाला उचलून आणलं, मांडीवर घेऊन पुन्हा पाटावर बसला.

"बाळा, आजी मुंबयला नाय गेली. मी तिथं असतो ना, मला म्हाईत हाय. तिथं आजी नाय." त्याने पोराला नीट जवळ धरलं. "आजी मेली. मेली म्हंजे... आता नाय येत ती. कधीच नाय येत."

"येत," स्वराज म्हणाला.

"नाय रे राजा."

"येत."

"नाय."

स्वराजने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, राहीबाईकडे पाहिलं. बाई मान फिरवून बसली होती. मग त्याचा ओठ खाली आला आणि तो रडायला लागला. पडल्यावर रडतात तसं नव्हे. आतून, दम लागेपर्यंत. तेजश्री त्याला घ्यायला पुढे झाली. एक पाहुणा खिशातला फोन काढू लागला.

"रडवलास ना पोराला," राहीबाई दर्शनाला म्हणाली. तिचाही आवाज भिजला होता. "झालं समाधान?"

"रडू दे, काकी," दर्शना म्हणाली. "घरात तेवढा तोच राहिला होता रडायचा." आणि त्या पाहुण्याला म्हणाली, "फोन ठेवा आत."

तिने दुखवट्याच्या रीतीप्रमाणे कुंकवाचं बोट आधी किशोरच्या कपाळाला लावलं, मग हुंदके देणाऱ्या पोराच्या. पाटी त्याच्या हाती दिली नाही; पाटाशेजारी जमिनीवर ठेवली, त्याला हवी तेव्हा घेता यावी अशी.